लिस्ट सर्वांची, व्ह्यू ज्याचा त्याचा

शेअरपॉइंटवर टीमची साइट सांभाळणाऱ्यांमध्ये एक मत फार ठामपणे मांडलं जातं. लिस्टला एकच व्ह्यू ठेवावा, तोही अ‍ॅडमिननं ठरवलेला. लोकांना आपापले व्ह्यू बनवू देऊ नयेत. कुणाला काही वेगळं पाहायचं असेल तर त्यानं डेटा एक्सेलमध्ये घ्यावा आणि तिथं हवा तसा मांडावा. हे म्हणणारी माणसं नवखी नाहीत. आवृत्ती बदलल्यावर मोडलेली पानं त्यांनी रात्री जागून दुरुस्त केली आहेत, साइट हळू झाल्याच्या तक्रारी ऐकून घेतल्या आहेत. त्यामुळे त्यांची कारणं गंभीरपणे घ्यायला हवीत. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला अजिबात मान्य नाही, कारण त्याचा त्रास रोज त्या लिस्टवर पोट असलेल्या माणसांना होतो आणि निर्णय घेताना त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

आधी व्ह्यू म्हणजे नेमकं काय ते पाहू. शेअरपॉइंटच्या लिस्टमधल्या नोंदी एकाच जागी राहतात. व्ह्यू त्यांची प्रत काढत नाही. कोणते कॉलम दाखवायचे, कोणत्या नोंदी गाळायच्या, क्रम कशानं लावायचा, गट कशावर पाडायचे एवढंच तो लिहून ठेवतो. पान उघडलं की तोच प्रश्न डेटाबेसला नव्यानं विचारला जातो आणि त्या घडीचं उत्तर समोर येतं. म्हणजे व्ह्यू हा कामाच्या माणसानं सामायिक माहितीला विचारलेला, जपून ठेवलेला प्रश्न आहे. स्टोअरमधल्या माणसाचा प्रश्न आणि हिशेबनिसाचा प्रश्न सारखा असण्याचं काही कारण नाही.

पुण्याजवळच्या एका कारखान्यातली तक्रारींची लिस्ट मी जवळून पाहिली आहे. विकलेल्या यंत्रांच्या दुरुस्तीची ती लिस्ट. ग्राहक, यंत्राचा सिरीयल नंबर, नेमलेला इंजिनिअर, स्थिती, मुदत, लागणारे सुटे भाग, बिल असे कॉलम. इंजिनिअरांचा व्ह्यू साधा होता: नेमलेला इंजिनिअर बरोबर [मी], स्थिती 'बंद' नसलेली, मुदतीनुसार क्रम. '[मी]' (म्हणजे [Me]) हा शब्द फिल्टरमध्ये घातला की जो पान उघडेल त्याच्याच नोंदी येतात, त्यामुळे एकच व्ह्यू सगळ्या इंजिनिअरांना पुरतो. ग्राहकाच्या गेटवर उभं राहून मोबाइलवर उघडला तरी आपलं काम सरळ दिसतं. कोऑर्डिनेटर बाईंचा व्ह्यू नेमका उलटा होता. नेमलेला इंजिनिअर हा कॉलम रिकामा असलेल्या नोंदी. सकाळी कामावर आल्या की त्या हेच पान उघडत, आणि ते रिकामं होईपर्यंत चहाला उठत नसत. स्टोअरमध्ये सुट्या भागांनुसार गट पाडलेला व्ह्यू होता, कारण तिथल्या माणसाला ग्राहक कोण याच्याशी देणंघेणं नव्हतं. कोणती सील किती लागणार हे त्याला हवं होतं.

मग 'शिस्त' आली. सगळे व्ह्यू काढून 'सर्व नोंदी' एवढा एकच ठेवला गेला, नोंदीच्या तारखेनुसार, तीस-तीसच्या पानांमध्ये. पुढे काय झालं हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. प्रत्येकानं लिस्ट एक्सेलमध्ये उतरवली आणि आपापली फाइल सांभाळायला सुरुवात केली. सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रलंबित तक्रारींचे तीन आकडे यायला लागले. "सर, ही तक्रार माझ्याकडे बंद दाखवतेय," असं कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या, तर इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, बंद कशी असेल? पार्टच आला नाही अजून." दोघंही खरं बोलत होते. बाईंनी फोनवर अर्धवट ऐकून आपल्या एक्सेलमध्ये 'बंद' लिहिलं होतं, लिस्टमध्ये ती नोंद उघडीच होती. स्टोअरवाल्याकडची फाइल त्याहून जुनी, त्यात ही तक्रार आलेलीच नव्हती. म्हणून पार्ट मागवलाच गेला नाही. ग्राहकाचं यंत्र बंद पडून राहिलं ते यामुळे.

एकाच व्ह्यूच्या बाजूनं सर्वांत जोरात सांगितलं जाणारं कारण म्हणजे सगळ्यांनी एकच चित्र पाहिलं की वाद होत नाहीत. इथं काय घडलं? व्ह्यू तीन होते तेव्हा सत्य एक होतं. व्ह्यू एक झाला आणि सत्यं तीन झाली. एकच चित्र हवं असेल तर नोंद एका जागी राहिली पाहिजे, आणि नोंद एका जागी तेव्हाच राहते जेव्हा माणसाला तिच्याकडे आपल्या कामाच्या बाजूनं पाहता येतं. ती सोय काढून घेतली की तो नोंद उचलून आपल्या घरी नेतो.

ही गोष्ट आपल्याकडच्या महसुली दप्तराला फार पूर्वी कळली होती. सातबारा गटाच्या, सर्व्हे नंबरच्या बाजूनं जमीन दाखवतो. आठ-अ तीच जमीन खातेदाराच्या बाजूनं दाखवतो, म्हणजे एका माणसाच्या नावे गावात कुठं किती आहे ते. सातबारा असताना आठ-अ कशाला, असा प्रश्न कुणी शेतकरी विचारत नाही, कारण कर्ज काढायला गेलं की त्याला दोन्ही लागतात. फरक इतकाच की कागदाच्या काळात तलाठ्याला दोन्ही हातानं लिहावे लागत, आणि फेरफार एकीकडे चढून दुसरीकडे राहिला की घोळ व्हायचा. शेअरपॉइंटच्या लिस्टमध्ये तो घोळ होऊच शकत नाही, कारण दुसऱ्या बाजूनं दाखवण्यासाठी दुसऱ्यांदा लिहावं लागत नाही. एक्सेलच्या प्रती काढायला लावणारा नियम मात्र आपल्याला पुन्हा हातानं दोन वह्या लिहिण्याच्या काळात नेतो.

संगणकशास्त्रातही हा वाद कधीच मिटलेला आहे. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा लेख लिहिला, तेव्हा त्यांचा रोखच हा होता की डेटा यंत्रात कसा रचला आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये. १९७५ मध्ये अमेरिकेच्या अन्सी-स्पार्क समितीनं तीन थरांची रचना मांडली. खाली प्रत्यक्ष साठवण, मध्ये संपूर्ण संस्थेचा एक आराखडा, आणि वर प्रत्येक प्रकारच्या वापरकर्त्यासाठी वेगळं दर्शन. टीमनं मिळून काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये १९८९ च्या लोटस नोट्सनं हेच तत्त्व आणलं. तिथं नोट्सचा डेटाबेस उघडला की समोर येत ते व्ह्यूच. एका व्ह्यूचा आग्रह धरणारे स्वतःला काटेकोर समजतात, पण ते अर्ध्या शतकाची कमाई परत करायला निघाले आहेत.

आता आवृत्ती बदलली की पानं मोडतात हा मुद्दा. याला आधार आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. २००३ च्या फ्रंटपेजमध्ये डेटा व्ह्यू वेब पार्ट आला, २००७ मध्ये शेअरपॉइंट डिझायनरनं तो आणखी सोपा केला. २००९ मध्ये डिझायनर मोफत झाला आणि मग घराघरात पोचला म्हणावं इतका वापरला गेला. त्यानं जे शक्य झालं ते साध्या व्ह्यूला जमत नव्हतं: तक्रारींची लिस्ट आणि ग्राहकांची लिस्ट जोडून एका ओळीत दाखवणं, मुदत उलटलेली ओळ लाल करणं. माउसनं क्लिक करत जायचं आणि मागे एक्सएसएलटीचा कोड तयार होत जायचा. तोच कोड पुढे गळ्यात आला. वेब पार्टमध्ये लिस्टचा आयडी पक्का कोरलेला असायचा. पान दुसऱ्या साइटवर नेलं की तिथल्या लिस्टचा आयडी वेगळा, आणि पान बंद. जाणकार लोक कोडमध्ये शिरून आयडीच्या जागी लिस्टचं नाव घालत, मग ते चाले. बाकीचे हात टेकत. २०१३ च्या डिझायनरमधून मायक्रोसॉफ्टनं डिझाइनचं दृश्यच काढून टाकलं, फक्त कोड उरला. २०१६ चा डिझायनर आलाच नाही. २०१३ च्या डिझायनरच्या आधाराची मुदत १४ जुलै २०२६ ही ठरवली गेली. लोकांच्या हाती साधन द्यायचं, त्यावर त्यांना हजारो पानं बांधू द्यायची आणि मग ते दुबळं करून सोडून द्यायचं, हा मायक्रोसॉफ्टचा व्यवहार बरा नव्हता असं माझं स्पष्ट मत आहे.

पण यातून व्ह्यूवर बंदी कशी सिद्ध होते? मोडला तो पानात रुतवलेला कोड. लिस्टचे साधे व्ह्यू, म्हणजे फिल्टर, क्रम, गट, हे आवृत्ती बदलताना लिस्टबरोबर सुखरूप पुढे आले. आणि ज्या दोन गोष्टींसाठी लोक एक्सएसएलटीकडे गेले त्यातली रंगाची गोष्ट २०१७ पासून कॉलम फॉरमॅटिंगनं आणि पाठोपाठ व्ह्यू फॉरमॅटिंगनं होते. जेसनचे चार शब्द असतात, ते दिसण्यापुरते. नोंदीला हात लागत नाही, काढून टाकले की व्ह्यू जसा होता तसा. दोन लिस्ट जोडायच्या असतील तर लुकअप कॉलमनं बरंचसं काम भागतं. जे खरोखर त्यानं भागत नाही तेवढ्यासाठीच कोड लिहावा, आणि तो लिहिणाऱ्यानं पुढची जबाबदारी घ्यावी.

सर्व्हरवरच्या भाराबद्दल तर एकाच व्ह्यूचे समर्थक नेमकी उलटी गोष्ट सांगतात. शेअरपॉइंट २०१० पासून पाच हजारांची मर्यादा आहे. लिस्टमध्ये तीन कोटी नोंदी राहू शकतात, पण एका प्रश्नासाठी डेटाबेसला पाच हजारांहून जास्त नोंदी चाळाव्या लागल्या तर उत्तर नाकारलं जातं. हा आकडा हवेतून आलेला नाही. कंटेंट डेटाबेसमध्ये सगळ्या लिस्टच्या नोंदी एकाच मोठ्या टेबलात असतात. एसक्यूएल सर्व्हरवर एका हुकुमानं साधारण पाच हजार ओळींना कुलपं लावली की तो सुट्या कुलपांचा हिशेब सोडून अख्ख्या टेबलालाच कुलूप घालतो. मग एका विभागाच्या जड प्रश्नानं बाकी सगळ्या साइट ताटकळतात. मर्यादा योग्यच आहे.

हा भार घालवण्याचा रस्ता नीट बांधलेल्या व्ह्यूतूनच जातो. फिल्टरची पहिली अट इंडेक्स असलेल्या कॉलमवर हवी आणि त्या अटीनं नोंदी पाच हजारांच्या आत यायला हव्यात. 'स्थिती' आणि 'नेमलेला इंजिनिअर' यांना इंडेक्स दिला की त्या कारखान्याच्या इंजिनिअरचा व्ह्यू, त्याच्या नोंदी पाच हजारांच्या आत असेपर्यंत, लिस्ट कितीही वाढली तरी उघडतो. एका लिस्टला वीस इंडेक्स देता येतात. मी पाहिलेल्या बहुतेक लिस्टवर एकही नसतो. उलट 'सर्व नोंदी' पुढ्यात ठेवली की प्रत्येक जण कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून आपापला क्रम लावू पाहतो, आणि मोठ्या लिस्टवर तिथंच मर्यादेचा संदेश येतो. एक्सेलमध्ये जाणारी प्रतही मग सगळ्या नोंदींची, रोज, प्रत्येकाची वेगळी. भार कुठून येतो हे यावरून उघड आहे. जुन्या डेटा व्ह्यूमध्ये गफलत व्हायची ती अशी की गाळणी एक्सएसएलटीमध्ये लावलेली असायची: सगळ्या नोंदी सर्व्हरवरून ओढायच्या आणि पानावर आणून त्यातल्या बहुतेक फेकून द्यायच्या. गाळणी प्रश्नातच लावायची हे शिकवलं असतं तर निम्म्या तक्रारी उरल्या नसत्या. चूक शिकवण्यातली होती, तिची शिक्षा वापरणाऱ्यांना झाली.

'वेगळा व्ह्यू कशाला, उशीर झालाय का असा एक कॉलमच घाला' हा सल्लाही मी ऐकला आहे. तो सरळ सरळ चुकीची माहिती दाखवतो. लिस्टमधल्या हिशेबी कॉलमची किंमत नोंद बदलली जाते तेव्हाच ठरते. आजची तारीख त्यात रोज नव्यानं धरली जात नाही; लोक 'टुडे' नावाचा खोटा कॉलम बनवून, सूत्रात वापरून, मग तो काढून टाकायची युक्ती करतात, आणि सूत्र शेवटच्या बदलाच्या दिवशी गोठून राहतं. तीन आठवडे कुणी हात न लावलेली तक्रार, म्हणजे नेमकी जिच्याकडे पाहायला हवं ती, तिथं 'वेळेत' दिसत राहते. व्ह्यूच्या फिल्टरमध्ये 'मुदत [टुडे] पेक्षा कमी' असं लिहिलं तर दर वेळी त्या दिवसाची तारीख धरली जाते.

सर्च आहेच की, असंही म्हणतात. सर्चला काय शोधायचं ते आधी माहीत असावं लागतं. ज्या तक्रारीला अजून इंजिनिअर नेमलेलाच नाही ती कोणता शब्द टाकून शोधणार? रिकामी जागा सर्चमध्ये सापडत नाही, व्ह्यूमध्ये सापडते. वरिष्ठांसाठीचे डॅशबोर्ड त्यांच्या जागी ठीक आहेत, पण ते पाहण्यासाठी असतात. व्ह्यूमध्ये पाहता पाहता नोंद दुरुस्त करता येते, आणि कामाच्या माणसाला तेच हवं असतं.

गोपनीयतेच्या मुद्द्यावर मी समर्थकांपेक्षा कडक आहे. व्ह्यूमधून 'बिल' कॉलम काढला म्हणून बिल लपत नाही. नोंद उघडली की दिसतं, परवानगी असलेला माणूस स्वतःचा व्ह्यू बनवून ते पाहू शकतो, सर्चमधूनही सापडतं. ज्यांना वाटतं की एकच व्ह्यू ठेवला म्हणून माहिती सुरक्षित झाली, त्यांनी आजच आपली लिस्ट तपासावी, कारण ती उघडी आहे. जे दिसू नये ते वेगळ्या लिस्टमध्ये, वेगळ्या परवानगीखाली ठेवावं. व्ह्यू एक असो वा वीस, त्यानं सुरक्षेत काडीचा फरक पडत नाही.

त्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा ते स्वतः क्वचितच मांडतात, म्हणून मीच मांडतो. सर्वांना दिसणारा व्ह्यू बनवायला 'लिस्ट व्यवस्थापन' ही परवानगी लागते, आणि त्याच परवानगीनं माणूस अख्खी लिस्ट पुसू शकतो. २०१३ पासून टीम साइटच्या सदस्यांना ही परवानगी आपोआप मिळू लागली, कारण 'एडिट' हा स्तर त्यांना मुळातच दिला गेला. हे चुकीचं होतं. चुकून पुसलेली लिस्ट परत आणण्यासाठी धावपळ केलेल्या अ‍ॅडमिनला मी दोष देणार नाही. पण त्याला उपाय आहे आणि तो व्ह्यूबंदीचा नाही. सदस्यांना 'कॉन्ट्रिब्यूट' स्तरावर आणावं. त्यात वैयक्तिक व्ह्यूची परवानगी राहते आणि लिस्ट पुसण्याची जाते. माणूस आपल्यापुरता व्ह्यू बनवतो, वापरून पाहतो. तो दहा जणांच्या उपयोगाचा निघाला तर साइटचा मालक तसाच सार्वजनिक व्ह्यू बनवून देतो. व्ह्यूचं नाव कामावरून असावं, 'न नेमलेल्या तक्रारी' असं, 'नवीन व्ह्यू २' असं नाही. वर्षातून एकदा नको असलेले काढावेत. एवढ्यानं पसारा आवरतो.

मराठी कॉलम ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, कारण आपल्या कार्यालयांत तिचा त्रास होतो आणि कुणी सांगत नाही. कॉलम बनवताना जे नाव दिलं त्यावरून एक आतलं नाव कायमचं ठरतं. 'दिनांक' असं देवनागरीत लिहिलं तर प्रत्येक अक्षरखूण अंडरस्कोर, एक्स, चार चिन्हांचा कोड आणि पुन्हा अंडरस्कोर अशी सात जागा खाते, आणि आतलं नाव बत्तीसावर कापलं जातं. म्हणजे चार खुणा बसतात, पाचवी अर्धवट तुटते. 'दिना' एवढंच उरतं. फॉरमॅटिंग लिहिताना किंवा दुसऱ्या साधनाला जोडताना हीच तुटकी नावं समोर येतात, आणि मग 'मराठी चालत नाही' असा शेरा मारला जातो. मराठी उत्तम चालतं. कॉलम आधी रोमन लिपीत छोट्या नावानं बनवावा, जतन करावा, मग नाव बदलून 'दिनांक' करावं. आतलं नाव साधं राहतं, लोकांना मराठी दिसतं. मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांना इंग्रजी कॉलमकडे ढकलणारे अ‍ॅडमिन या एका पायरीबद्दल अनभिज्ञ असतात.

जुनी एक्सएसएलटीची पानं ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांना ती हलवावी लागणारच. तेव्हा एका फटक्यात सगळी पुसून 'सर्व नोंदी' बहाल करण्याचा मोह होईल, आणि वर सांगितलेल्या कारखान्यासारखी गत होईल. त्याऐवजी त्या पानांचीच एक लिस्ट करावी: पानाचं नाव, ते कोणत्या लिस्टमधून काय गाळतं, काय जोडतं, आणि रोज कोण उघडतं. उघडणारं कुणी नसेल ते पान बंद करायला हरकत नाही. जिथं नाव असेल तिथं त्या माणसाच्या शेजारी खुर्ची ओढून बसावं, तो सकाळी आल्यावर लिस्टमध्ये पहिल्यांदा काय शोधतो ते विचारावं, आणि नवा व्ह्यू त्याच्याच हातून बांधून घ्यावा.